सहाय्यकाच्या स्मरणात प्रकल्प उतरवताना

मस्जिद बंदर, लोहार चाळ आणि भिवंडीच्या गोदामांतील घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिले, साठा आणि उधारी सांभाळणारी एक संगणकप्रणाली अंधेरीतील आमचे छोटे कार्यालय गेली दहा-बारा वर्षे लिहीत आणि दुरुस्त करीत आले आहे. अलीकडे या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कोडिंग सहाय्यक आमच्या सोबत असतो. तो कोड वेगाने वाचतो, चाचण्या लिहितो, जुनी गुंतागुंतीची फंक्शने सुटसुटीत करून देतो. मात्र आज त्याला समजावून सांगितलेली गोष्ट उद्याच्या नव्या सत्रात त्याला ठाऊक नसते. प्रकल्पाचे ज्ञान त्याच्यापाशी टिकून राहावे यासाठी आम्ही काय केले आणि त्यातून काय हाती लागले, ते मी येथे लिहीत आहे.

आधी विसरण्याचा परिणाम कसा दिसतो ते सांगते. राज्यांतर्गत विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा असे जीएसटीचे दोन समान भाग लागतात. आमच्या कोडमध्ये हे दोन्ही भाग स्वतंत्रपणे काढलेले आहेत. वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटते, आणि सहाय्यकालाही तशीच वाटे. एकदाच १८ टक्के कर काढून त्याचे दोन भाग करावेत, अशी सुधारणा तो मोठ्या तत्परतेने सुचवीत असे. पण करपात्र रक्कम १० रुपये ५० पैसे असेल, तर १८ टक्क्यांनी कर १ रुपया ८९ पैसे येतो आणि १८९ पैशांचे दोन समान भाग होत नाहीत. म्हणून प्रत्येकी ९ टक्के वेगळे काढून, पूर्णांकित करून मगच बेरीज करायची, हा आमच्याकडील नियम आहे. सहाय्यकाला हे सांगितले की तो तत्काळ मान्य करी, त्या सत्रापुरते काटेकोरपणे पाळीही, आणि पुढच्या सत्रात तीच सुधारणा पुन्हा घेऊन येई. रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायच्या, दशांश अपूर्णांकात नव्हे, या नियमाचेही तेच होत असे.

यात सहाय्यकाचा निष्काळजीपणा नाही. त्याची घडणच तशी आहे. सहाय्यकामागे असलेल्या भाषाप्रारूपाचे (लँग्वेज मॉडेलचे) शिक्षण एकदा पूर्ण झाले की आपण त्याच्याशी केलेल्या संभाषणाने त्याच्या आतील भारांकांत, म्हणजे शिकलेले ज्या आकड्यांत साठलेले असते त्यांत, काहीही बदल होत नाही. प्रत्येक विनंतीबरोबर त्याला आधीचे संपूर्ण संभाषण नव्याने वाचायला दिले जाते, आणि त्याला जे काही 'आठवते' ते केवळ त्या वाचनातून. या वाचनाला कॉन्टेक्स्ट विंडोची, म्हणजे एका वेळी किती मजकूर वाचता येईल याची, मर्यादा असते. ती आता दोन लाख टोकनांपर्यंत (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) किंवा त्याहूनही पुढे गेली असली, तरी मर्यादा ती मर्यादाच; शिवाय संभाषण फार लांबले की अनेक साधने आधीच्या भागाचा सारांश करून पुढे जातात आणि मध्येच सांगितलेली एखादी अट त्या सारांशातून गळून पडते. त्यामुळे टिकाऊ आठवण द्यायची, तर ती प्रारूपाच्या बाहेर, लिखित स्वरूपात ठेवून प्रत्येक सत्राच्या आरंभी त्याच्यापुढे मांडणे, हाच आपल्या हातातील मार्ग उरतो.

बहुतेक साधनांनी त्यासाठी एक ठरावीक फाइल योजलेली आहे. क्लॉड कोड हे साधन 'क्लॉड.एमडी' नावाची फाइल वाचते, गिटहब कोपायलटसाठी सूचनांची वेगळी फाइल असते, कर्सरमध्ये नियमांचा एक फोल्डर असतो, आणि 'एजंट्स.एमडी' हे अनेक साधनांना चालणारे सामाईक स्वरूपही २०२५ पासून रूढ होत आहे. आमच्या कार्यालयात सगळेजण एकच साधन वापरत नाहीत, म्हणून आम्ही सामाईक फाइल निवडली आणि बाकीच्या फाइलींतून तिचाच उल्लेख केला. ही फाइल प्रत्येकाच्या संगणकावर न ठेवता कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये, कोडच्या शेजारीच ठेवायची, हे पहिल्यापासून ठरले होते. त्याचा फायदा लवकरच दिसून आला. जुन्या आवृत्तीच्या शाखेवर गेले की त्या आवृत्तीला लागू असलेल्या नोंदीच समोर येतात, आणि नोंदीतील प्रत्येक बदल कोणी, केव्हा, कोणत्या कामाच्या निमित्ताने केला, हेही कळते.

पहिला मसुदा आम्ही सहाय्यकाकडूनच लिहवून घेतला. त्याने प्रकल्पातील फोल्डरांची रचना, वापरलेली भाषा, चाचण्या चालवण्याची आज्ञा, डेटाबेसमधील तक्त्यांची नावे असे सर्व नीटनेटके मांडले. वाचायला तो मसुदा उत्तम होता, पण कामाला फारसा आला नाही, कारण त्यात होते ते सारे सहाय्यक कोड पाहून स्वतःच शोधून काढू शकत होता. त्याला जे सापडत नव्हते, ते त्या फाइलमध्येही नव्हते.

मग आम्ही फाइलमध्ये नियम घालू लागलो. प्रत्येक सहकाऱ्याने आपापल्या विभागातील सूचना लिहिल्या आणि ती फाइल पाहता पाहता अनेक पानांची झाली. आता एक वेगळीच अडचण दिसू लागली: आरंभीच्या सूचना सहाय्यक नीट पाळी, मधल्या कुठल्या तरी परिच्छेदातील सूचना मात्र त्याच्या नजरेतून निसटत. लांबलचक मजकुराच्या सुरुवातीला आणि अखेरीला असलेली माहिती भाषाप्रारूपे अधिक चांगली वापरतात आणि मधल्या माहितीकडे त्यांचे दुर्लक्ष होते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवलेले आहे. नंतरच्या प्रारूपांत यात बरीच सुधारणा झाली असली, तरी सर्व सूचनांना सारखाच मान दिला की खरोखर महत्त्वाची सूचना गर्दीत हरवते, हे आम्हाला रोजच्या कामात जाणवत होते. म्हणून मुख्य फाइल एका पानाच्या आत आणायची आणि उरलेले ज्ञान विषयवार छोट्या फाइलींत ठेवून, कोणत्या कामाला हात घालण्यापूर्वी कोणती फाइल वाचायची एवढेच मुख्य फाइलमध्ये सांगायचे, अशी रचना आम्ही केली.

पण काय ठेवायचे आणि काय गाळायचे? या प्रश्नावर आम्ही बराच वेळ दिला, आणि मला वाटते, संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोलाचा वेळ तोच होता. आम्ही प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावली: केवळ कोड वाचून हे कळले असते का? कळले असते, तर ते वाक्य काढून टाकायचे. या चाळणीतून उरली ती जवळजवळ सगळी कारणे होती. अमुक गोष्ट अशी का आहे, तमुक सोपा मार्ग का सोडून दिला, हा विचित्र दिसणारा अपवाद कोणासाठी आहे. कोड काय करतो ते कोडमध्ये असते. तो तसाच का आहे, ते माणसांपाशी असते.

आमच्या बाबतीत ते प्रामुख्याने एका माणसापाशी होते. या प्रणालीचा पहिला साचा ज्यांनी उभा केला ते आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे कार्यालय काका म्हणते, डोंबिवलीहून येतात आणि आता निवृत्तीच्या जवळ आहेत. मी त्यांच्याबरोबर दुपारच्या जेवणानंतर बसू लागले. समोर कोड उघडायचा, जेथे खटकेल तेथे थांबायचे आणि विचारायचे. बिलाच्या क्रमांकाला सोळाच अक्षरांची जागा का ठेवली आहे, असे मी विचारले, कारण ती वाढवावी असे सहाय्यकाने सुचवले होते. काका म्हणाले, "अगं, हा आकडा मी नाही ठरवला. जीएसटीच्या नियमातच सोळा आहे. जागा वाढवलीस तर कोणीतरी सतरावं अक्षर घालेल, आणि ते आपल्याला रिटर्न भरताना कळेल." केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या ४६ व्या नियमात बिलाचा अनुक्रमांक सोळा अक्षरांहून मोठा नसावा असे म्हटले आहे. कोडमध्ये मात्र फक्त १६ हा आकडा होता.

अशीच एक गोष्ट वेळेची. आमच्या डेटाबेसमध्ये सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवल्या जातात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. १ एप्रिलच्या पहाटे एक वाजता भिवंडीच्या गोदामात तयार झालेले बिल यूटीसीप्रमाणे ३१ मार्चच्या संध्याकाळी साडेसातचे ठरते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते. म्हणून आर्थिक वर्ष ठरवणारे एक स्वतंत्र फंक्शन काकांनी लिहिले होते आणि इतर कोठेही तारखेवरून वर्ष काढायचे नाही असा त्यांचा कटाक्ष होता. "रात्रीच्या गाड्या भरतात, बिलं पहाटे निघतात, हे ऑफिसात बसून नाही सुचत," असे ते म्हणाले. हे वाक्य मी नोंदीत जसेच्या तसे ठेवले आहे. नियमामागचा प्रत्यक्ष प्रसंग लिहिलेला असला की सहाय्यक तो नियम आपणहून नव्या जागीही लावतो, हे आम्ही पाहिले: साठ्याच्या मासिक अहवालाचे काम त्याला दिले तेव्हा, त्या अहवालाविषयी नोंदीत काहीच नसताना, महिन्याची सीमा भारतीय वेळेनुसार धरायला हवी हे त्याने स्वतःच मांडले. नुसता नियम त्या नियमापुरता चालतो. त्यामागचे कारण त्याच्याही पलीकडे पोहोचते.

ही कारणे लिहिण्यासाठी आम्ही निर्णयनोंदींची पद्धत स्वीकारली. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक महत्त्वाच्या तांत्रिक निर्णयाची एक छोटी फाइल असते: परिस्थिती काय होती, काय ठरले, त्याचे परिणाम काय. निर्णय बदलला तरी जुनी नोंद पुसायची नाही. जमाखर्चाच्या वहीत चुकीची नोंद न खोडता उलट नोंद करून ती फिरवतात, तसे नव्या नोंदीने जुनीला रद्द ठरवायचे. आम्ही त्यात आणखी दोन रकाने वाढवले. एक, कोणते पर्याय विचारात घेऊन सोडून दिले; कारण सहाय्यक नेमके तेच पर्याय उत्साहाने पुन्हा मांडतो. दुसरा, ही नोंद कोणत्या परिस्थितीत शिळी होईल.

नोंदींची भाषा कोणती असावी, यावर आमच्यात खरोखर मतभेद होता. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा अधिक टोकने लागतात, तेव्हा सारे इंग्रजीतच लिहावे असे काहींचे म्हणणे होते. अखेर मुख्य फाइल आणि नियम इंग्रजीत, तर निर्णयनोंदींतील कारणे मराठीत, असे ठरले. काका मराठीत सांगत होते आणि ते मराठीतच लिहिले की तपशील गळत नव्हते. सहाय्यकाला ते समजण्यात कोठे अडचण आली असे दिसले नाही. निर्णयनोंदी गरजेपुरत्याच वाचल्या जात असल्याने टोकनांचा वाढीव खर्चही जाणवण्याइतका नव्हता.

काही नियम आम्ही स्मरणातून मुद्दाम बाहेर काढले. सहाय्यकासमोर ठेवलेली सूचना ही शेवटी सूचनाच असते. ती तो बहुतेक वेळा पाळतो, नेहमी पाळेलच असे नाही. जेथे एकदाही चूक परवडणार नाही तेथे नोंदीवर विसंबणे योग्य नव्हते. म्हणून कराच्या दोन्ही भागांची समानता, बिलक्रमांकाची लांबी आणि आर्थिक वर्षाची सीमा यांच्यासाठी आम्ही स्वयंचलित चाचण्या लिहिल्या. कोड जमा होण्यापूर्वी त्या चालतात, आणि एखादी अडली तर तिच्या संदेशात संबंधित निर्णयनोंदीचा क्रमांक दिसतो, म्हणजे सहाय्यक तेथून कारणापर्यंत पोहोचतो.

सहाय्यकाने आपली आठवण आपणच लिहावी, हा मार्गही आम्ही आजमावला. काम संपताना नवे काय कळले ते फाइलमध्ये जोड, एवढे सांगितले की तो ते चोख करतो. परंतु तात्पुरती परिस्थिती आणि कायमचे सत्य यांतला फरक त्याला नेहमी करता येत नाही. एका सहकाऱ्याच्या संगणकावर डेटाबेस बंद असल्याने एक चाचणी अडली होती. सहाय्यकाने लिहून ठेवले की ती चाचणी भरवशाची नाही, ती वगळावी. असे वाक्य फाइलमध्ये राहिले असते, तर पुढच्या प्रत्येक सत्राने ते आधारभूत मानून ती चाचणी टाळली असती. एका सत्रातील चुकीचे उत्तर त्या सत्राबरोबर संपते. स्मरणात शिरलेली चूक रोज नव्याने काम करीत राहते. तेव्हापासून सहाय्यक नोंदींचा केवळ प्रस्ताव ठेवतो, आणि कोडमधील बदल जसा दुसऱ्या सहकाऱ्याने तपासल्यावरच स्वीकारला जातो, तसाच स्मरणातील बदलही स्वीकारला जातो. या तपासणीला कोणी वेळेचा अपव्यय म्हणत असेल, तर मी त्याच्याशी मुळीच सहमत नाही.

नोंदी शिळ्या होण्याचा धोका किती खरा आहे, ते २०२५ च्या सप्टेंबरात समजले. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ हे दोन मुख्य दर राहिले आणि काही मोजक्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर आला. आमच्या मुख्य फाइलमध्ये जुन्या चारही दरांची यादी होती. कोडमध्ये दर तारखेनुसार बदलणाऱ्या तक्त्यात असल्याने प्रणालीला फारसे अवघड गेले नाही, पण त्या यादीमुळे सहाय्यक नव्या चाचण्यांतही १२ टक्के धरून चालला असता. शिळेपणाच्या रकान्यात 'दरांची फेररचना झाल्यास' असे लिहिलेले असल्यामुळे ती नोंद आम्ही आधीच हेरली. यादी काढून टाकली आणि तिच्या जागी, दर कोठून वाचायचा आणि जुन्या बिलावरील माल परत आला तर क्रेडिट नोटेवर (बिलाची रक्कम कमी केल्याच्या कागदावर) मूळ बिलाचाच दर लावायचा, एवढेच लिहिले. जी माहिती बदलत राहते तिची प्रत स्मरणात ठेवू नये, तिचा पत्ता ठेवावा, हे तेथे आमच्यापुरते निश्चित झाले.

ग्राहकांच्या माहितीबाबत आम्ही विशेष कडक राहिलो. स्मरणाच्या फाइली प्रत्येक सत्रात बाहेरच्या सेवेकडे जातात, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. पासवर्ड आणि दूरध्वनी क्रमांक त्यांत नसावेत हे उघड आहे. पण जीएसटी क्रमांकाकडे सहज दुर्लक्ष होते. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे धारकाचा पॅन असतो. एकट्या मालकाच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक उदाहरणादाखल नोंदीत लिहिला, तर आपण एका व्यक्तीचा पॅन लिहिलेला असतो. आम्ही सर्व उदाहरणांत बनावट क्रमांक ठेवले आणि खऱ्या क्रमांकाच्या रूपाचे काही आढळल्यास अडवणारी तपासणीही जोडली. त्याचप्रमाणे ग्राहकाच्या ईमेलमधील मजकूर सरळ स्मरणात उतरवायचा नाही, असे ठरवले. बाहेरून आलेल्या मजकुरात दडलेली एखादी आज्ञा तेथे कायमची सूचना होऊन बसू शकते.

अर्थानुसार शोध घेणाऱ्या डेटाबेसचाही आम्ही विचार केला. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमुळे, म्हणजे बाहेरची साधने आणि माहितीसाठे सहाय्यकाला जोडण्याच्या सामाईक पद्धतीमुळे, असे भांडार सहाय्यकाला जोडणे सोपे झाले आहे, आणि अनेक प्रकल्प, हजारो दस्तऐवज असलेल्या मोठ्या संस्थेला त्याची गरज भासेलच. आमच्या आकाराला साध्या मजकुराच्या फाइली, नेमकी नावे आणि शब्दशोध पुरेसे ठरले. शिवाय त्या फाइली माणसांनाही वाचता येतात, आणि मला ही गोष्ट गौण वाटत नाही. नुकतीच रुजू झालेली एक सहकारी, सहाय्यकाला काही विचारण्यापूर्वी निर्णयनोंदीच वाचून काढते.

हे सारे उपयोगी पडते की नाही, ते जोखण्यासाठी आम्ही काही ठरावीक छोटी कामे बाजूला काढून ठेवली आहेत: कराच्या हिशेबात नवा प्रकार जोडणे, बिलक्रमांकाची मालिका बदलणे, मार्चअखेरचा अहवाल काढणे. नोंदींत मोठा बदल झाला की ती कामे कोऱ्या सत्रात, एकदा नोंदींसह आणि एकदा नोंदींशिवाय करून पाहतो. ज्या नोंदीने काहीच फरक पडत नाही ती काढून टाकतो. त्यामुळे फाइल पुन्हा फुगलेली नाही.

सध्या ई-इनव्हॉइसच्या, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलांच्या, विभागाची पाळी आहे. ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना ते १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि पोर्टलवर मिळालेला चौसष्ट अक्षरांचा संदर्भक्रमांक तेथे २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. त्यानंतर क्रेडिट नोटेचा मार्ग घ्यावा लागतो. आमच्या कोडमध्ये ही मुदत मोजणाऱ्या दोन वेगळ्या जागा आहेत. त्या दोन का आहेत, याचे उत्तर काका आणि लोहार चाळीतील आमचे एक जुने ग्राहक या दोघांपाशी अर्धे अर्धे आहे, आणि ते नीट जुळेपर्यंत त्या जागांना हात लावू नये, एवढी एक ओळ मी तूर्त मुख्य फाइलमध्ये घातली आहे.